तिकीट अंतराचे नव्हे, वेळेचे

मुलगी शिकायला परदेशी निघाली की घरात चर्चा होते ती फीची, विमानभाड्याची आणि थंडीच्या कपड्यांची. रोज सकाळी खोलीवरून विद्यापीठात जायचे कसे आणि त्याला महिन्याकाठी किती पडतात, हे कोणी विचारीत नाही. वास्तविक मोजून पैसा वापरणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा प्रश्न जेवणाच्या खालोखाल महत्त्वाचा आहे. म्हणून या खेपेस आम्ही एका शहराच्या वाहतुकीविषयी लिहीत आहोत. ते शहर म्हणजे इटलीतील मिलान. तेथील लोक त्याला 'मिलानो' म्हणतात.

मिलानच का, असे कोणी विचारील. तेथे १८६३ साली स्थापन झालेले 'पोलितेक्निको' हे अभियांत्रिकी व वास्तुकलेचे मोठे विद्यापीठ आहे आणि भारतातून पुष्कळ मुले तेथे जातात. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असल्यामुळे आपल्या घरांतूनही परदेशी विद्यापीठांची चौकशी होऊ लागली आहे. आमची पुतणी तेथेच शिकत असल्याने गेल्या वर्षी आम्ही बारा दिवस तिच्याकडे राहून आलो. शहराच्या मधोमध असलेले दुओमो हे भव्य चर्च पाहिले, चित्रे पाहिली. परंतु उभा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेलेला माणूस जाईल तेथे आधी तिकिटावरचे आकडेच वाचणार!

मिलानमध्ये मेट्रोचे पाच मार्ग आहेत. त्याखेरीज ट्राम, बस आणि वरच्या तारेवरून वीज घेऊन धावणाऱ्या ट्रॉलीबस आहेत. हा सगळा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे नाव 'एटीएम'. आपल्याकडे हे अक्षर दिसले की लोक पैसे काढायला रांग लावतील. तेथे ती नगरपालिकेच्या मालकीची वाहतूक कंपनी आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्याला सवय आहे ती टप्प्यांची. जितके लांब जाल तितके जास्त भाडे, आणि वाहन बदलले की पुन्हा नवे तिकीट. घरून बस, पुढे लोकल, उतरल्यावर पुन्हा बस किंवा शेअर रिक्षा: तीन वाहने आणि तीनदा खिशात हात. यात भुर्दंड कोणाला पडतो? जो लांब राहतो त्याला. आणि लांब कोण राहतो? ज्याला कामाच्या जवळ घर परवडत नाही तो. म्हणजे ज्याची मिळकत कमी, त्याचाच प्रवासखर्च जास्त.

मिलानचे साधे तिकीट अंतराचे नसते, वेळेचे असते. पहिल्या वाहनात ते छापले की पुढची ९० मिनिटे ते चालते. बसमधून उतरून मेट्रोत बसा, मेट्रोतून ट्राममध्ये जा, शहराच्या हद्दीत उपनगरी रेल्वेने जा, तिकीट तेच. जुलै २०१९ मध्ये ही एकत्रित भाडेपद्धती आली, तेव्हापासून त्याच तिकिटावर मेट्रोत दुसऱ्यांदाही शिरता येते. मिलान शहर आणि त्याला लागून असलेली वीसेक गावे या एका तिकिटात येतात. मध्यवस्तीत राहणारा वकील आणि वेशीवरून साफसफाईला येणारी बाई, दोघांचे भाडे सारखे.

जानेवारी २०२३ मध्ये या तिकिटाचा दर २ युरोवरून २ युरो २० सेंट झाला. पण दर वाढविताना महिन्याच्या आणि वर्षाच्या पासाला हात लावला गेला नाही. महिन्याचा पास ३९ युरो आणि २७ वर्षांखालील तरुणांसाठी २२ युरो, हे दर तसेच ठेवले. आता आपला हिशेब मांडू. विद्यार्थी आठवड्यातून पाच दिवस जाऊन-येऊन दहा प्रवास करतो. चार आठवड्यांचे चाळीस. सुट्या तिकिटांनी त्याचे ८८ युरो होतात. तरुणांचा पास २२ युरोचा, म्हणजे बरोबर एक चतुर्थांश. शिवाय रविवारचे फिरणे फुकट. चार दिवसांच्या पाहुण्याकडून थोडे जास्त घ्यायचे आणि रोज कामाला किंवा शिकायला जाणाऱ्याला सांभाळायचे, असे या दरांतून दिसते. चौदा वर्षांखालील मुलांना तर तिकीटच नाही. दर पुढेमागे बदलतात, तेव्हा निघताना ताजे आकडे पाहून घ्यावेत; हिशेबाची रीत मात्र हीच ठेवावी.

तिकीट मिळते मेट्रो स्थानकातील यंत्रावर, वर्तमानपत्राच्या स्टॉलवर आणि 'ताबाक्की' म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या दुकानात. या दुकानावर 'टी' या इंग्रजी अक्षराची मोठी पाटी असते. मेट्रोत २०१८ पासून बँकेचे कार्ड फाटकावर टेकवूनही जाता येते. ट्राममध्ये कंडक्टर नसतो. कोणी 'तिकीट, तिकीट' करीत येत नाही. आपले तिकीट आपणच यंत्रावर छापायचे. छापले नाही तर खिशात तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट प्रवासी ठरता. तपासनीस अधूनमधून येतो आणि दंड तिकिटाच्या कितीतरी पट असतो. परका माणूस आहे, माहीत नव्हते, ही सबब चालत नाही. मेट्रोचे तिकीट बाहेर पडेपर्यंत जपून ठेवावे, कारण बाहेरच्या फाटकावरही ते लागते. नव्याने जाणाऱ्या मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. पहिल्या आठवड्यात दंड भरावा लागला तर त्या महिन्याचे किराणाचे गणितच कोलमडते.

मेट्रोचा पहिला मार्ग १ नोव्हेंबर १९६४ रोजी सुरू झाला. लोत्तो ते सेस्तो मारेल्ली, एकवीस स्थानके. शहराच्या उत्तरेला सेस्तो सान जोवान्नी हे पोलाद आणि यंत्रांच्या कारखान्यांचे कामगार गाव. पहिली गाडी त्या गावाच्या वेशीपर्यंत गेली आणि १९८६ मध्ये पुढे गावात शिरली. तेथील शेवटच्या स्थानकाचे नाव 'सेस्तो १ मे' आहे. कामगार दिनाचे नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी येते, हे आम्हांला फार आवडले.

या मार्गाची स्थानके फ्रांको अल्बिनी आणि फ्रांका हेल्ग या वास्तुकारांनी आखली, तर पाट्यांचे काम बॉब नूर्डा यांनी केले. स्थानकाचे नाव भिंतीवर एकदाच न लिहिता दर काही पावलांवर लिहिले आहे. त्यामुळे गर्दीत कोठेही उभे असलात तरी खिडकीतून ते दिसते. पहिल्या मार्गाचा रंग लाल, दुसऱ्याचा हिरवा, तिसऱ्याचा पिवळा. भाषा येत नसली, अक्षर वाचता येत नसले, तरी रंग धरून माणूस घरी पोहोचतो. पोलितेक्निकोसाठी हिरव्या मार्गावर 'पिओला' येथे उतरावे. विद्यापीठाचा दुसरा परिसर 'बोविझा' भागात आहे. तेथे उपनगरी रेल्वेने जावे. निळा चौथा मार्ग नोव्हेंबर २०२२ मध्ये लिनाते विमानतळाला जोडला गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण झाला. या विमानतळावर शहराचे साधे तिकीट चालते. मालपेन्सा हा मोठा विमानतळ मात्र दूर आहे आणि त्याचे भाडे वेगळे आहे.

आणखी एक योगायोग. ज्या १९६४ साली मिलानने मेट्रो सुरू केली, त्याच वर्षी ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम धावली. मिलानने मेट्रो आली म्हणून ट्राम मोडीत काढली नाही. १९२८ सालच्या बनावटीच्या पिवळ्या ट्राम, लाकडी बाकांसकट, आजही रस्त्यावर आहेत. त्या शोभेसाठी ठेवलेल्या नाहीत. त्यांतून माणसे रोज कामावर जातात.

संपाविषयीही सांगितले पाहिजे. संपाला इटालियनमध्ये 'शोपेरो' म्हणतात आणि तो तेथे वारंवार होतो. संपाचा हक्क इटलीच्या राज्यघटनेच्या ४० व्या कलमात आहे. परंतु वाहतूक बंद पडली तर हाल होतात ते दुसऱ्या कामगाराचेच. यावर १९९० साली १४६ क्रमांकाचा कायदा झाला. संपाची किमान दहा दिवस आधी सूचना द्यायची आणि ठरावीक वेळी गाड्या चालू ठेवायच्या. मिलानमध्ये साधारणतः सकाळी पावणेनऊपर्यंत आणि दुपारी तीन ते सहा गाड्या मिळतात. लोक सूचना वाचतात, लवकर निघतात, सहाच्या आत परततात. संप करणाऱ्याचा हक्कही राहतो आणि रोजंदारीवाल्याचा दिवसही बुडत नाही. चळवळीत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांनी यावर विचार करावा, असे आम्हांला वाटते.

याचा अर्थ तेथे सारे आलबेल आहे असा नाही. जुन्या ट्रामच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्या चढवत नाहीत. नव्या मेट्रो मार्गांवर लिफ्ट आहेत, जुन्या मार्गांवर सगळीकडे तशी सोय नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मिलानची घरभाडी. ती न झेपणारा माणूस एका तिकिटाच्या हद्दीबाहेर राहायला जातो आणि तेथून पुढे भाडे वर्तुळावर्तुळाने वाढत जाते. समान भाड्याचे वर्तुळ कितीही मोठे आखले तरी गरीब माणूस त्याच्या बाहेर ढकलला जातो काय, हे पाहत राहावेच लागते. म्हणून खोली शोधताना केवळ स्वस्त भाडे पाहू नये. ती पहिल्या वर्तुळात आहे का, हे आधी विचारावे आणि पासाची रक्कम घरभाड्यात मिळवूनच तुलना करावी.

जाणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे थोडक्यात असे. पहिल्याच आठवड्यात फोटोचे कार्ड काढून पास घ्यावा. पाहिला शब्द 'शेंदे?' हा शिकावा. गर्दीत मागचा माणूस असे विचारतो तेव्हा त्याचा अर्थ आपल्या लोकलमधल्या 'उतरणार का?' एवढाच असतो. रात्री उशीर झाला तर ९० आणि ९१ क्रमांकाच्या ट्रॉलीबस शहराभोवती रात्रभर फिरतात, हे ध्यानात ठेवावे. आणि एका रविवारी प्रत्येक मार्गावर पासाच्या हद्दीत जेथवर जाता येते तेथवर जाऊन यावे. दुओमोभोवती पाहुण्यांचे मिलान दिसते. कामाला जाणाऱ्यांचे मिलान पाहायचे तर 'सेस्तो १ मे'पर्यंत गेले पाहिजे, आणि त्यासाठी एक सेंटही जास्त पडत नाही.