दहाव्या वर्षीची गुणवत्ता

ग्रामीण भागातील गुणवान मुलांना उत्तम शिक्षण मिळावे, या हेतूने १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने जवाहर नवोदय विद्यालयांचा पुरस्कार केला. पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक महाराष्ट्रात, अमरावतीला निघाले. आज देशभरातील त्यांची संख्या साडेसहाशेच्या वर गेली आहे. निवास, भोजन, गणवेश, पुस्तके सारे सरकारी खर्चाने. या विद्यालयांनी अनेक गरीब मुलांना वर आणले, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, तेथे निवड नेमकी कशाची होते आणि तिची किंमत कोण मोजतो?

एका विद्यालयात सहावीच्या जागा फार तर ८०. पाचवीतल्या मुलाने दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे. त्यांतले ४० बौद्धिक कसोटीचे, आकृत्यांच्या कोड्यांचे. सहावीच्या प्रवेशासाठी संधी एकदाच. आकृत्यांची कोडी सरावाने सुटतात, हे शिकवणीवाल्यांनी फार लवकर ओळखले. ठिकठिकाणी ‘नवोदय’चे वर्ग निघाले, मार्गदर्शिका खपू लागल्या. जेथे टंचाई तेथे बाजार, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. टंचाई निर्माण केली शासनाने, नफा कमावला बाजाराने आणि या व्यवहाराला नाव मिळाले गुणवत्ता!

किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत, मागास जातिजमातींसाठीही राखीव जागा आहेत, हे योग्यच. परंतु गावातला बागायतदार आणि त्याच्याच शेतावर राबणारा मजूर यांची मुले ‘ग्रामीण’ म्हणून एकाच रांगेत उभी केली जातात. परीक्षा हिवाळ्यात होते. त्याच दिवसांत बीडच्या ऊसतोड मजुराचे मूल फडालगतच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेले असते. त्याची गुणवत्ता कोणी मोजली?

आईबाप पदरमोड करून शिकवणी लावतात. निकालाच्या यादीत नाव नसले की दहा वर्षांच्या पोराला एवढेच कळते की, आपण सामान्य आहोत. बापाला वाटते, आपलाच पैसा कमी पडला. शासनाने जागाच निर्माण केली नाही, हा दोष अशा रीतीने एका कुटुंबाच्या माथी बसतो. ज्याचे नाव लागते त्याचे घर कोवळ्या वयात सुटते. तेथे मन रमले नाही तरी नामुष्कीच्या भीतीने परतता येत नाही. आणि शाळेच्या गळक्या छपरासाठी ज्या पालकांनी भांडायचे, त्यांचीच मुले निघून गेल्यावर गावच्या शाळेचा कैवार घेणार कोण?

कोठारी आयोगाने १९६६ साली समान शाळापद्धतीची शिफारस केली होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास मनाई केली. नवोदयची चाळणी मात्र चालूच राहिली. कायदा करणाऱ्या शासनाने स्वतःच्याच शाळांना त्यातून वगळावे, ही विसंगती क्षुल्लक नव्हे.

नवोदय बंद करा, असे कोणी म्हणू नये. तेथील ग्रंथालय, प्रयोगशाळा, पुरेसे शिक्षक आणि दोन वेळचे जेवण या गोष्टी ८० मुलांसाठी शक्य असतील, तर त्या गावोगावच्या शाळांत का अशक्य ठरतात, याचा जाब मागितला पाहिजे. बुद्धी विरळ असते, हा समज सोयीचा आहे. कारण तो मानला की खर्च वाचतो. विरळ आहेत त्या चांगल्या शाळा, आणि त्या विरळ ठेवणे हा राजकीय निर्णय आहे. तो बदलण्याची लढाईही राजकीयच असणार.