मावशीचं पित्त

परवा सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर मेडिकलमध्ये उभी होते. पुढच्या बाई म्हणाल्या, "सांधेदुखीची नेहमीची गोळी द्या, आणि पोट दुखतंय, पित्ताचं काहीतरी द्या." त्याने दिलं. मी गप्प राहिले. घरी आल्यावर वाटलं, बोलायला हवं होतं. म्हणून आज इथे.

घरच्यांना आठवत असेल. मावशीच्या संधिवाताला चौदा वर्षं झाली होती. बोटं वाकडी, पण दुखणं बरंच कमी. "वात दमला बाई," म्हणायची. मग जेवल्यावर अर्ध्या तासाने पोटात कळ यायला लागली. हळूहळू ती जेवायलाच भ्यायची. "अगं, वयाने पचत नाही," म्हणायची, आणि मी तीन आठवडे पित्ताचं औषध आणत राहिले. घोट्यावरची न भरणारी जखम, पायातल्या मुंग्या, सगळं दिसत होतं. पण पोटाशी त्याचा संबंध कोण जोडणार? एका रात्री शौचाला काळं झालं, पोट इतकं दुखलं की... असो. आतड्याचा तुकडा काढावा लागला. मावशी वाचली.

नंतर कळलं. हा संधिवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड, नुसता सांध्यांचा आजार नाही. क्वचित, बहुधा आजार बरीच वर्षं मुरल्यावर, रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाही सूज येते. त्वचेला रक्त कमी पडलं की जखम, नसांना कमी पडलं की मुंग्या, आतड्याला कमी पडलं की पोटदुखी. जेवल्यावर आतड्याला जास्त रक्त लागतं, म्हणून कळ तेव्हाच येते. पुढे रक्तस्राव होतो, आतड्याला भोकही पडतं. आणि सांधे शांत असतानाही हे होऊ शकतं.

त्यात स्टिरॉइड. १९४८ मध्ये कॉर्टिझोनने संधिवाताचे रुग्ण उठून चालू लागले, १९५० चं नोबेल त्या कामाला मिळालं. पण हेच औषध पोटातल्या बिघाडाची लक्षणं झाकून ठेवतं.

घाबरवायचं नाहीये. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं आल्यापासून रक्तवाहिन्यांची ही सूज कमी दिसते. वेदनाशामकांनी होणारा अल्सर कितीतरी जास्त आढळतो. पण तोही बाटली पिऊन दाबायचा प्रकार नव्हे!

डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला पाहणी केली. त्यात ऱ्हुमॅटॉइडचं प्रमाण प्रौढांत साधारण अर्धा टक्का निघालं, दोनशेत एक. म्हणजे आपल्या एकेका मोठ्या सोसायटीत असं एखाददुसरं घर असणारच.

माझं मत इतकंच. आपण माणसाची वाटणी करतो. सांधे एका डॉक्टरकडे, पोट दुसऱ्याकडे, जखमेला घरचं मलम. अख्खं माणूस रोज बघतात ते फक्त घरचे. त्यामुळे जोडून सांगायचं कामही आपलंच. पोटासाठी कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य "यांना ऱ्हुमॅटॉइड आहे, या गोळ्या चालू आहेत" हेच हवं. काळी शौच, रक्ताची उलटी किंवा अचानक असह्य पोटदुखी असेल तर सकाळची वाट बघू नका. आणि घाबरून स्टिरॉइड एकदम बंदही करू नका.

मावशी आता थोडं थोडं जेवते. मला दोष देत नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

त्या बाई पुन्हा दिसल्या तर या वेळी बोलणार आहे.