स्वस्त तिकिटाची संहिता

'सामान्य माणूस उडणार' ही घोषणा मराठी मध्यमवर्गाने फारच भाबडेपणाने वाचली, असे आमचे स्पष्ट मत आहे. २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू झाली. तिने लक्ष्मणांचा 'कॉमन मॅन' आपले बोधचिन्ह केला. पुढे ती किंगफिशरमध्ये विलीन झाली, किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, घोषणा मात्र उरली.

हा सामान्य माणूस मुरबाडचा असेल तर? मुरबाडला रेल्वे नाही. पहाटेचे, म्हणूनच पुष्कळदा स्वस्त, असलेले विमान गाठण्यासाठी त्याने आदल्या रात्रीच कल्याण गाठावयाचे, शहापूरकराने आसनगाव. नाहीतर मोटार ठरवावयाची. हा खर्च जाहिरातीत कोठून येणार?

जाहिरातीतला भाव हे केवळ शीर्षक. खरी संहिता तळाच्या बारीक अक्षरांत असते, आणि तीही बहुधा इंग्रजीत. सामान सहसा १५ किलो, हातातले ७. पसंतीच्या जागेचे आणि जेवणाचे पैसे निराळे. सामान घेणारी खिडकी साधारणतः तासभर आधी बंद. 'संहितेचे मौन' या विषयावर चर्चासत्रे भरविणाऱ्या आमच्या मराठी विभागांना हे मौन कधी दिसले नाही. (तेथे येणारे पाहुणे विमानानेच येतात, असो.)

'परतावा नाही' हे शब्द वाचून विमान चुकलेला प्रवासी मुकाट घरी परततो. वस्तुतः सवलतीच्या तिकिटावरही शासकीय कर आणि विमानतळाची शुल्के परत केली पाहिजेत, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. ते पैसे त्याने लेखी मागावेत, आणि मराठीत मागावेत.