चाचणी त्यांची, पाणी कुणाचे?

कारखान्यात नवा बॉयलर बसवला, की तो चालू करण्याआधी त्याची दाबचाचणी घेतात. आसपासची माणसे हटवतात, दोर बांधतात, पाटी लावतात, आणि निरीक्षकाची सही झाल्याखेरीज पुढचे काम होत नाही. क्रेनची भारचाचणी असेल तर हुकाखाली कोणाला उभे राहू देत नाहीत. रेल्वेत नवे इंजिन वाढीव वेगाने पळवायचे तर रेल्वे सुरक्षा आयुक्ताची परवानगी घ्यावी लागते, आणि हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत बसतो. जो गाडी चालवतो त्यानेच स्वतःला दाखला देऊ नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे. यातली एकही गोष्ट मालकाच्या उदारपणातून आलेली नाही. प्रत्येक नियमाच्या मागे कोणा ना कोणा कामगाराचे प्रेत आहे.

पण हीच चाचणी जमिनीवरून पाण्यावर गेली, की सगळे नियम किनाऱ्यावरच राहतात. वेगवान मोटारबोट तयार झाली, इंजिन बदलले, की ती कुठेतरी पूर्ण वेगाने पळवून पाहावी लागते, हे आम्हालाही कळते. प्रश्न तो ‘कुठेतरी’ कुठे, हा आहे. पाणी दिसायला मोकळे दिसते. त्यावर कुंपण नाही, सातबारा नाही. म्हणून ते रिकामेच आहे, असे समजून तिथे वेगाचे प्रयोग चालतात. त्या पाण्यावर जाळे टाकून बसलेला मच्छीमार, लाँचवरचा सारंग आणि खलाशी, पलीकडच्या गावाला भाजी घेऊन जाणारी बाई, ही माणसे हिशेबात धरलेलीच नसतात.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात काय झाले ते आठवावे. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर दुपारी चारच्या सुमारास नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. त्या बोटीला नवी इंजिने बसवली होती आणि त्यांची चाचणी चालू होती, असे नौदलानेच सांगितले. इंजिनात बिघाड होऊन बोट ताब्यात राहिली नाही, असेही सांगितले. धडकेच्या आधी ती बोट भर वेगात वळणे घेत होती, हे लाँचवरच्या एका प्रवाशाने टिपलेल्या चित्रफितीत देशाने पाहिले. पंधरा माणसे गेली. त्यात सात वर्षांचा एक मुलगा होता. त्याचा मृतदेह तीन दिवसांनी सापडला. जवळपासच्या लाँचेस आणि जवाहरलाल नेहरू बंदराची बोट धावून आली म्हणून बाकीचे वाचले. आधी कोण पोहोचले? पाण्यावर रोज काम करणारेच पोहोचले.

लाँचवर ८४ उतारू आणि ६ कर्मचारी यांचा परवाना असताना त्याहून जास्त माणसे होती, आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते, हेही खरे आहे. ते झाकण्याचे आम्हाला कारण नाही. जादा उतारू भरण्याचा निर्णय खलाशी घेत नाही. तो धंद्याचा निर्णय असतो आणि त्याचा जाब धंदा करणाऱ्याला विचारलाच पाहिजे. पण त्या एका मुद्द्याच्या आड दुसरा मोठा मुद्दा लपवू नये. लाँचवर नेमके ८४ उतारू असते आणि प्रत्येकाने जॅकेट घातले असते, तरी दिवसाढवळ्या, चालू प्रवासी मार्गावर, अजून न तपासलेल्या इंजिनाची बोट पूर्ण वेगात का होती, हा प्रश्न शिल्लक राहिलाच असता. कर्जत मार्गावर संध्याकाळी सहा वाजता ब्लॉक न घेता नवे इंजिन तपासायला कोणी काढील काय?

मृतांमध्ये आणखी तिघे होते, ज्यांच्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. एक नौदलाचा कर्मचारी, आणि इंजिन पुरवणाऱ्या कंपनीकडून आलेले दोघे. कामाच्या जागी, काम करता करता गेलेली ही माणसे. आमच्या भाषेत याला औद्योगिक अपघात म्हणतात. वर्तमानपत्रांनी मात्र त्याला सागरी दुर्घटना म्हटले, आणि सागरी म्हटले की जणू तो निसर्गाचा कोप ठरतो.

हे नवीन नाही. १३ जून १९३० रोजी इंग्लंडमधल्या विंडरमिअर सरोवरावर सर हेन्री सेग्रेव्ह यांनी ‘मिस इंग्लंड २’ ही बोट ताशी सुमारे १५९ किलोमीटर वेगाने पळवून जागतिक विक्रम केला, आणि त्याच दिवशी पुढच्या फेरीत, बहुधा पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याला धडकून, बोट उलटली. सेग्रेव्ह यांचे नाव इतिहासात राहिले. त्यांच्याबरोबर रोल्स-रॉइसचा इंजिनियर व्हिक हॅलिवेलही मेला, हे किती जणांना ठाऊक आहे? विक्रम साहेबाचा, इंजिनाशी बसलेला माणूस तळटीपेत.

याच इंग्लंडचा पुढचा भाग मात्र शिकण्यासारखा आहे. विंडरमिअर हे तिथले सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर. एकेकाळी शांत असलेले हे पाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटारबोटींच्या आवाजाने आणि लाटांनी भरून गेले. राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने ताशी १० सागरी मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर, अशी वेगमर्यादा मागितली. बोटवाल्यांनी विरोध केला, चौकशी बसली, १९९६ मध्ये तिथल्या सरकारने मागणी फेटाळली. लोकांनी पिच्छा सोडला नाही. २००० मध्ये मंजुरी मिळाली आणि धंद्यांना जुळवून घेण्यासाठी पाच वर्षे देऊन २९ मार्च २००५ पासून मर्यादा लागू झाली.

मग वेगवान बोटी तपासायच्या कुठे? शेजारच्या कॉनिस्टन सरोवरावर. तिथेही एरवी वेगमर्यादा आहे. पण वर्षातून एक आठवडा, नोव्हेंबरमध्ये, आधी जाहीर करून, पाण्यावर बंदोबस्त ठेवून तिला सूट देतात. हौसेच्या विक्रमासाठी जर एक देश एवढी शिस्त पाळू शकतो, तर मुंबई बंदरासारख्या गजबजलेल्या पाण्यात कामाच्या चाचणीसाठी ती अशक्य कशी? हे तेच कॉनिस्टन, जिथे ४ जानेवारी १९६७ रोजी ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे गेलेली डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड’ हवेत उडाली. आपल्याच पहिल्या फेरीने उठलेल्या लाटा शांत होईपर्यंत ते थांबले नाहीत, हे एक कारण सांगितले जाते. जाणकारांत त्यावर मतभेद आहेत. कारण काहीही असो, जगातल्या सर्वांत वेगवान बोटीलासुद्धा लाटेचे भय असते, तिथे आमच्या होडीची काय कथा!

लाटेचे गणित थोडे समजून घेतले पाहिजे, कारण अर्ज द्यायला गेले की साहेब हमखास म्हणतात, “दोन लाटा आल्या तर काय बिघडले?” लाटेतली ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची दुप्पट तर मार चौपट. आणि वेगवान बोट सर्वांत मोठी लाट उठवते ती पूर्ण वेगात पाण्यावर उचलली गेल्यावर नव्हे, तर त्याच्या जरा आधी, नाक वर आणि शेपूट खाली अशा मधल्या वेगात. नुसत्या प्रवासात बोट ही अवस्था एकदाच ओलांडते. चाचणीत मात्र वेग वाढव, थांबव, वळव, पुन्हा वाढव, हेच दिवसभर चालते. म्हणजे तीच बोट चाचणीच्या दिवशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त त्रासाची असते. अरुंद नदीत ती लाट एका काठावरून दुसऱ्या काठाकडे फिरते. काठची माती सुटते, बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटतात, पंख्यात जाळे सापडले तर फाटते. त्या जाळ्याचे पैसे कोण देतो? कोणी नाही. ज्याचे जाळे फाटले त्यालाच उलट विचारतात, मध्ये का टाकले होते?

आता गंगेकडे वळू. आमच्या मराठी वाचकांपैकी अनेकजण नोकरीनिमित्त बिहार-बंगालमध्ये आहेत. त्यांना भागलपूर आणि कहलगाव ही नावे परकी नाहीत. सुलतानगंज ते पीरपैंती या सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यात, स्वातंत्र्य मिळून तीन दशके लोटली तरी, गंगेच्या पाण्यावर जमीनदारी चालू होती. जमिनीची नव्हे, वाहत्या पाण्याची! मल्लाहांनी जाळे टाकायचे तर पाणीदाराला कर द्यायचा. १९८२ मध्ये कहलगावहून गंगा मुक्ती आंदोलन उभे राहिले आणि सुमारे दहा वर्षांच्या लढ्यानंतर, १९९१ मध्ये, ही पाणीदारी संपली. त्याच १९९१ साली याच पाण्यातला सुलतानगंज ते कहलगाव हा भाग डॉल्फिन अभयारण्य जाहीर झाला. पाणीदार गेला आणि वनखाते आले, असे तिथले मच्छीमार उपरोधाने म्हणाले तर त्यांना दोष देता येणार नाही.

गंगेतला डॉल्फिन, स्थानिक भाषेत सोंस, जवळजवळ आंधळा असतो. त्याच्या डोळ्यात भिंगच नसते. आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तो मासा शोधतो, वाट शोधतो. आणि पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने, फार दूरवर जातो. आपल्याच देशातल्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये दाखवून दिले, की जहाजांच्या आवाजाने सोंसांना आपले आवाज बदलावे लागतात, त्यांच्या शरीरावर ताण येतो, आणि उन्हाळ्यात पाणी उथळ झाले की हा त्रास वाढतो. सोंस हा भारताचा राष्ट्रीय जलचर. त्याच्यासाठी मच्छीमाराच्या जाळ्यावर बंधने येतात आणि ती मोडली तर गुन्हा दाखल होतो. आमचा आक्षेप सोंसाला वाचवण्याला नाही. एकाच पाण्यात वल्ह्याच्या होडीवर पहारा आणि इंजिनाला आमंत्रण, या न्यायाला आहे.

हीच गंगा हल्दिया ते अलाहाबाद १६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये वाराणसीहून हल्दियाकडे मालवाहतुकीची चाचणी-फेरी निघाली. माल कोणता? मारुती मोटारगाड्या. आणि जहाजाचे नाव? ‘व्ही. व्ही. गिरी’! दोनदा आयटकचे अध्यक्ष राहिलेले, रेल्वे कामगारांचे पुढारी, १९५४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने हात घातला म्हणून केंद्रीय मंत्रिपद सोडणारे गिरी. त्यांच्या नावाचे जहाज मोटारी घेऊन मल्लाहांच्या जाळ्यांमधून जाते! ते जहाज काही वेगवान नव्हते, हे मान्य. पण नदीला आधी चाचणीची जागा आणि मग रस्ता ठरवताना काठच्या माणसाला विचारायचे नाही, ही रीत तीच. त्याच वर्षीच्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले, त्यात गोव्याची मांडवी आणि झुआरीही आली.

यावर दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, देशाच्या संरक्षणाचे. संरक्षणाच्या बोटी तपासल्याच पाहिजेत, आणि त्या चालवणारेही कष्टाची भाकरी खाणारेच आहेत. म्हणूनच त्यांना रिकाम्या, राखीव पाण्यात तपासू द्या. गोळीबाराचा सराव चांदमारीच्या मैदानावर होतो, बाजारपेठेत नाही. दुसरे उत्तर रोजगाराचे. पर्यटनाच्या वेगवान बोटी आल्या तर तरुणांना काम मिळेल, असे सांगतात. मिळेल, काहींना, हंगामापुरते, रोजंदारीवर. पण ज्या होडीवाल्याचे आणि मच्छीमाराचे काम त्यामुळे जाते, त्याचा आकडा या हिशेबात कधी मांडला जात नाही. तो कोणाच्या हजेरीपटावर नसतो, म्हणून त्याचे काम गेले तरी बेकारी वाढलेली दिसत नाही. शिवाय विंडरमिअरला पाच वर्षांची मुदत दिली गेली; कामाचा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवायचा असेल तर वाट निघते.

तेव्हा बंदर, गोदी, लाँच, मच्छीमार आणि जहाजबांधणीतल्या आपल्या सर्व संघटनांनी या महिन्याच्या सभेत पुढील ठराव घ्यावा. प्रवासी मार्गावर आणि मासेमारीच्या पाण्यात वेगवान बोटींची चाचणी बंद करावी. चाचणीसाठी पाणी राखून ठेवावे, त्याची वेळ किमान आठवडाभर आधी धक्क्याधक्क्यावर मराठीत आणि स्थानिक भाषेत लावावी, आणि परवानगी देणारा अधिकारी बोट चालवणाऱ्या खात्याचा किंवा कंपनीचा नसावा. जाळे, होडी किंवा मजुरी बुडाली तर भरपाई चाचणी घेणाऱ्याने जागेवर द्यावी. चाचणीवर जाणाऱ्या तंत्रज्ञांचा आणि खलाशांचा विमा असल्याचा कागद बोट सुटण्याआधी दाखवावा. तो नसेल तर आपल्या सभासदांनी बोटीवर पाय ठेवू नये. ठरावाची एक प्रत बंदर अधिकाऱ्याकडे, एक जिल्हाधिकाऱ्याकडे आणि एक महासंघाच्या कार्यालयाकडे पाठवावी, आणि पहिल्या दोन प्रतींवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नये.