उच्च शिक्षणावरील खर्चाचा हिशेब

हल्ली एक सूर वारंवार कानी पडतो. सरकारने उच्च शिक्षणावर पैसा जरूर खर्च करावा. परंतु कारखान्यांना व कचेऱ्यांना हवी तशी माणसे ज्यातून मिळतील, तेवढ्याच शिक्षणावर. इतर विषय ज्यांना शिकावयाचे असतील त्यांनी आपला भार आपण सोसावा. हा विचार वरवर मोठा व्यवहारी दिसतो. परंतु आपण बडोदेकर आहोत, आणि हा हिशेब आपल्या गावाने फार पूर्वीच मांडून पाहिला आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन स्थापिले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांची ती योजना. कापड रंगविण्याची विद्या, यंत्रविद्या, चित्रकला असे विषय तेथे होते. कारण उद्योगधंद्यांस कसबी माणसे हवी होती. गरज पाहून केलेला तो खर्च योग्यच होता. परंतु याच कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके शिकले, आणि 1913 साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढे आणला. कलाभवन निघाले तेव्हा सिनेमाचा धंदा जगात कोठेच नव्हता! त्यासाठी किती माणसे लागतील, याचा अंदाज कोणत्या दिवाणाने बांधला असता?

त्याच 1913 साली भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. 1917 साली तो करार पाळण्यासाठी ते येथे आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास कोणी जागा देईना. ते नाव बदलून एका पारशी वसतिगृहात उतरले. तेथूनही त्यांना काठ्यांचा धाक दाखवून घालविण्यात आले. नोकरी सोडून ते मुंबईस परतले. पुढे 1947 साली ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संस्थानच्या वहीत मात्र ती दहा वर्षे कधीच जमा झाली नाहीत. यात दोष शिष्यवृत्तीचा नव्हता. आपल्या गावाचा होता, हे लिहिताना संकोच वाटतो.

म्हणून माझे मत असे, की गरजेच्या विषयांना सरकारने खुशाल अधिक पैसा द्यावा. पण गरीब घरच्या मुलाने इतिहास वा अर्थशास्त्र मागितले, तर 'त्याचा उपयोग काय?' असे विचारून त्यास परत पाठवू नये. श्रीमंताच्या मुलास हा प्रश्न कोणी विचारीत नाही. नोकरीच्या करारासही माझा विरोध नाही. मात्र करार लिहून घेणाराने परत येणारासाठी योग्य काम आणि राहावयास जागा, दोन्ही आधीच राखून ठेवावीत.