ब्लँकेट नको, ताडपत्री द्या

डिसेंबर उजाडला की मुंबईच्या फुटपाथांवर ब्लँकेटवाटप सुरू होते. देणाऱ्यांच्या मनाविषयी शंका नाही. माझी हरकत आहे ती महिन्याला. या शहरात ऐन थंडीतही पारा क्वचितच पंधरा अंशांखाली उतरतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मात्र दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि उघड्यावर झोपणाऱ्यांचे खरे हाल तेव्हा होतात. अंथरूण भिजते, चूल पेटत नाही, साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालताना पायाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू शिरतो. म्हणून मृगाआधी हाती पडलेली जाड ताडपत्री, बांधायला नायलॉनची दोरी आणि पायात रबरी चप्पल यांचे मोल पौषातल्या ब्लँकेटहून कितीतरी जास्त. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांचेही तसेच. त्यांत शर्ट, साड्या भरपूर. नवी अंतर्वस्त्रे आणि सॅनिटरी पॅड सहसा नसतात. आणि आधार कार्ड, दवाखान्याचे कागद कोरडे राहावेत म्हणून एखादी चेनची प्लास्टिक पिशवी द्यावी, हे तर कुणाला सुचतही नाही. कागद भिजून गेले की रेशनपासून उपचारांपर्यंत सगळेच अडते.

‘दिलेले विकून टाकतात’ हा नेहमीचा आक्षेप. विकतातही. ज्याला कपाट नाही, कुलूप नाही, त्याने तिसरे ब्लँकेट ठेवायचे कुठे? अतिक्रमणविरोधी गाडी आली की तेही जाणार. शौचालयाला आणि आंघोळीला मात्र रोज सुटे पैसे मोजावे लागतात. त्याने वस्तू विकली यात फसवणूक नाही. आपण न विचारता दिले, एवढेच त्यातून कळते.

हे काम सरकारचे, असेही म्हटले जाते, आणि ते खरेच आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता लाख लोकसंख्येमागे शंभर जणांच्या एका निवाऱ्याचा. 2011 च्या जनगणनेतली मुंबईची लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी. म्हणजे सगळे निवारे उभे राहिले तरी जागा होते साडेबारा हजारांची. त्याच जनगणनेत इथे बेघर मोजले गेले सुमारे 57 हजार. निवाऱ्यांचा जाब नगरसेवकाला विचारायलाच हवा, पण पाऊस तोवर थांबत नाही. यंदाच्या ब्लँकेटचे पैसे मेपर्यंत राखून ठेवा आणि खरेदीआधी त्या फुटपाथवर जाऊन काय हवे ते विचारा.