धार गेली की आधी हात जातो

घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी आणि आसपासचा भाग मोसंबीचा. 2012-13च्या दुष्काळात या पट्ट्यातील कितीतरी बागा वाळल्या आणि पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे शेतकऱ्यांना सरपणाच्या भावाने तोडून द्यावी लागली. बाग मोडणे, बांधावरची बाभूळ काढणे, वादळात आडवा झालेला कडुनिंब रस्त्यावरून हटवणे, विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या छाटणे, या कामांवर गावोगावच्या टोळ्यांची चूल पेटते. पूर्वी हे काम कुऱ्हाड आणि करवतीवर चाले. आता पेट्रोलवर चालणारी चेनसॉ आली आहे. गावात कुणी तिला कटर म्हणतात, कुणी नुसतेच मशीन.

या कामात जखमी झालेला माणूस रुग्णालयात आणला की सोबतचे लोक एक वाक्य हमखास बोलतात, ‘त्याचं लक्ष नव्हतं.’ मला हे पटत नाही. अनेकदा लक्ष असते, पण साखळीला धार नसते. धार का नसते, याचे उत्तर मजुरीच्या हिशेबात सापडते.

धारदार साखळी लाकडात स्वतःहून उतरते. माणसाने मशीन फक्त धरायचे असते. दाते बोथट झाले की ते लाकूड कापण्याऐवजी घासू लागतात. मग माणूस मशीनवर जोर देतो, अंगाचा भार टाकतो. कापा संपताच तो भार अचानक मोकळा होतो आणि फिरती साखळी मांडीकडे किंवा गुडघ्याकडे येते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर मशीन क्षणात उसळून तोंडाकडे, मानेकडे, खांद्याकडे येते. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे 20 मीटर धावते. त्या वेळात हात मागे घेणे कुणाच्याच आवाक्यात नसते.

दुसरे नुकसान हळूहळू होते, म्हणून ते कुणी मोजत नाही. मशीनची थरथर वर्षानुवर्षे हातात उतरली की बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. थंड देशांत अशा कामगारांची बोटे पांढरीफटक पडतात. आपल्या उष्ण हवेत ते कमी दिसते. हाताला मुंग्या येणे, बधिरपणा, पकड सैल होणे, शर्टाचे बटण लावता न येणे ही लक्षणे जास्त जाणवतात. रुग्ण त्याला वात समजून वेदनाशामक गोळ्या खात राहतो. तंबाखू आणि विडीने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. आवाजाचेही तसेच. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे मानतात, तर 100 डेसिबलला ही मर्यादा पंधरा मिनिटांवर येते. चेनसॉचा आवाज बहुधा त्याहूनही मोठा असतो. बोथट साखळीने दहा मिनिटांच्या कामाला वीस मिनिटे लागली, तर थरथर, आवाज आणि धूर हे तिन्ही दुप्पट वेळ अंगावर घ्यावे लागतात.

हे नुकसान टाळता येते. फिनलंडमधील सुओमुस्साल्मी भागातील जंगल कामगारांची वर्षानुवर्षे तपासणी झाली. 1972 मध्ये त्यांच्यापैकी सुमारे 40 टक्के लोकांची बोटे पांढरी पडत होती. 1990 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले. मधल्या काळात कमी थरथरणारी मशीन आली होती. काम तेच राहिले, अवजार सुधारले.

आपल्याकडे नवे महागडे मशीन प्रत्येकाला परवडणार नाही. पण कानस परवडते. साखळीच्या मापाची गोल कानस लागते. मापानुसार ती 4, 4.8 किंवा 5.2 मिलिमीटरची असते. मशीन बंद करून, हातमोजे घालून, साखळीवर लिहिलेल्या कोनात (बहुधा 30 अंश) कानस आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलायची. मागे-पुढे घासायची नाही. प्रत्येक दात्याला सारखेच हात द्यायचे, नाहीतर पाते एका बाजूला ओढू लागते. दात्यापुढचा छोटा उंचवटा दात किती खोल चावेल ते ठरवतो. कापा जलद व्हावा म्हणून तो वाजवीपेक्षा जास्त घासला, तर मशीन उसळण्याचा धोका वाढतो.

धार गेल्याची खूण सोपी आहे. चांगली साखळी लाकडाच्या जाड कपच्या उडवते. पिठासारखा भुसा पडू लागला, ओले लाकूड असून धूर निघाला किंवा जोर द्यावा लागला, की थांबायचे. साखळी मातीला एकदा टेकली तरी धार जाते. बांधावरच्या झाडात जुनी तार किंवा खिळा रुतलेला असतो, तो आधी पाहावा. पेट्रोलची टाकी भरताना दर वेळी कानस फिरवावी, हा सर्वांत सोपा नियम.

मग हे होत का नाही? कारण काम उक्ते असते. मोबदला टनावर किंवा झाडावर ठरतो. टाकीमागे सात-आठ मिनिटे धरली, तर पाच टाक्यांच्या दिवसात अर्धा-पाऊण तास धार लावण्यात जातो आणि त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. शस्त्रक्रियेत बोथट पात्याने काम करा, असे आम्हा डॉक्टरांना कुणी सांगत नाही. पाते बदलायला लागणारा वेळ शस्त्रक्रियेचाच भाग धरला जातो. लाकूडतोड्याच्या बाबतीत मात्र तो वेळ खोटीचा ठरतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, भाव ठरवतानाच धार लावण्याचा वेळ, कानस, हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, कानाचे संरक्षण आणि जाड बूट यांचा खर्च धरावा. ग्रामपंचायत, बांधकाम खाते, वीज कंपनी यांनी कंत्राटात ही अट लिहावी. वखारवाल्याने आणि बागायतदारानेही ती पाळावी. यावर ‘मग तोडणी महाग होईल’ असे म्हटले जाईल. थोडी होईल. आजही ती स्वस्त नाही; उरलेली किंमत मजुराचे घर भरते.

घरात कुणाच्याच नावावर सातबारा नसलेल्या लाकूडतोड्याला शेतकऱ्यांसाठीची अपघात योजना लागू होत नाही. बँक खाते असलेल्या 18 ते 70 वयाच्या माणसाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपयांत घेता येते. अपघाती मृत्यूला दोन लाख, एक हात किंवा पाय कायमचा गेल्यास एक लाख रुपये मिळतात. हा विमा प्रत्येकाने घ्यावा, पण बोट तुटले तर त्यात काही मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

अपघात झालाच, तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि 108ला फोन करा. हळद, राख, चहापत्ती जखमेत भरू नका. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर नको. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. हाताला मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना आपण मशीन चालवतो हे आधी सांगा.

पुढच्या वेळी तुमच्या शेतात झाड तोडायला माणसे आली आणि मशीन बंद करून कानस घेऊन बसली, तर त्यांना घाई करू नका. त्या सात-आठ मिनिटांवर त्यांचे हात अवलंबून आहेत.